वैजयंतानं तेल सोडलं

आषाढी एकादशीला दुपारी चार वाजता, पहिली पाळी सुटल्यावर, हरिहरबुवा टाकसाळे कवठाळीच्या कामगार वसाहतीतल्या देवळात कीर्तनाला उभे राहिले आणि पूर्वरंगात एक वाक्य बोलून गेले. पुढं त्या वाक्यानं त्यांचं घरच धरलं.

वाक्य तसं साधं होतं. निरूपण रंगात आलं होतं. पेटीवर त्यांची लेक ओवी बसली होती, तिनं सूर अलगद धरून ठेवला होता. बुवांनी चिपळ्या थांबवल्या आणि हसून म्हणाले, "चातुर्मास लागला मंडळी. आता कुणी कांदा सोडेल, कुणी वांगं सोडेल. वांगं सोडल्याचं देवाला काय हो कौतुक? त्यानं कधी भरलं वांगं खाल्लंय?"

मंडळी खदखदली.

"ज्याच्यावाचून एक दिवस निघणार नाही असं वाटतं ना, ते सोडून बघा. मग कळेल, आपल्याला कोणी धरून ठेवलंय ते."

बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेत, बुवांची बायको वैजयंता बसली होती. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तेलाचं टोपण तोंडाला लावलं नाही.

हे तेल काय होतं ते आधी सांगायला हवं.

कवठाळीला देशभरातल्या जुन्या बॅटऱ्या येत. घरोघरच्या गच्चीवरच्या सौर पॅनेलच्या, रिक्षांच्या, दवाखान्यांच्या. त्या फोडायच्या, आतलं शिसं भट्टीत वितळवायचं आणि त्याच्या लगडी ओतायच्या. बुवा बावीस वर्षं भट्टीवर होते. शिशाच्या बाबतीत शरीर फसतं. त्याला ते कॅल्शियम वाटतं. म्हणून ते शिशाला हाडांत मुरवतं, रक्तात खेळवतं, मेंदूचं दारही उघडून देतं. पाणी वगळलं तर मेंदू निम्म्याहून जास्त चरबीचाच बनलेला. तिथल्या प्रत्येक पेशीभोवती चरबीचा पातळ पापुद्रा असतो. शिसं आत शिरलं की तो पापुद्रा खवट होत जातो, आणि पेशी एकमेकींशी बोलेनाशा होतात. आधी माणसांची नावं जातात. मग विनाकारण राग येऊ लागतो. मग हाताची पकड सुटते.

पूर्वी रक्तातलं शिसं वाढलं की कामगाराला भट्टीवरून उठवावंच लागे, तसा कायदा होता. मग कुणा शास्त्रज्ञांनी जवसाच्या रोपात समुद्री शेवाळाचा एक जनुक बसवला आणि त्या जवसातून एक तेल निघालं. त्यातली चरबी मेंदूच्या पापुद्र्यांत जाऊन बसते, खवटपणा येऊ देत नाही, शिशाला वाट देत नाही. तापवलं तर मात्र वाया जातं, म्हणून कच्चंच प्यायचं. कामगाराला दिवसाला दोन टोपणं, घरातल्या बाकीच्यांना एकेक. दर सोमवारी बाटल्या घरी येत. तेल खरोखर गुणाचं होतं. कवठाळीतली पोरं पुन्हा पाढे म्हणू लागली, म्हाताऱ्यांना सुनांची नावं आठवू लागली. मग कायदा सैल झाला. मेंदू शाबूत आहे ना, मग रक्तात किती शिसं आहे ते कशाला बघायचं? धुराड्यांच्या गाळण्या बदलायचं थांबलं. राखाडी धूळ तुळशीवर, वाळत घातलेल्या पापडांवर, देवळाच्या कळसावर बसू लागली.

आणि तेल शिसं थोपवतं, बाहेर काढत नाही. हाडांत साठलेलं पंचवीस-तीस वर्षं राहतं आणि रोज थोडं थोडं रक्तात उतरतं. तेल बंद केलं की पाच-सहा आठवड्यांत मेंदूचे पापुद्रे पहिल्यासारखे उघडे पडतात. तेल बाजारात मिळत नव्हतं. वसाहतीत राहणाऱ्यालाच मिळे. त्यामुळे कवठाळीला कुंपण नव्हतं, फाटकावर कुणी अडवत नव्हतं, तरी तिथून कुणी जात नव्हतं.

"वैजू, टोपण राहिलं तुझं," बुवा त्या सकाळी म्हणाले.

"सोडलं."

"काय सोडलं?"

"तेल. कंपनीचं, घाण्याचं, सगळं. कार्तिकीपर्यंत तुपावर राहीन."

बुवांना आधी थट्टाच वाटली. "अगं, कीर्तनात माणूस जरा चढवून बोलतो. समोर लोक असतात…"

"म्हणजे ते लोकांसाठी होतं? घरच्यांसाठी नव्हतं?"

  बुवांनी बाटली तिच्यापुढं सरकवली.

वैजयंतानं पोळपाट पुसून ठेवला. "ओवीला मिरजेचं पत्र आलंय. तंबोरे बनवायचं शिक्षण, दोन वर्षांचं. दसरा झाला की सुरू. पोरीचा कान असा आहे की पेटीची एक पट्टी उतरली तरी तिला झोप येत नाही. ती इथं बॅटऱ्या फोडणार? तिथं तेल नाही म्हणून ती नको म्हणते. बरोबर आहे तिचं. पण तिच्याइतकंच शिसं माझ्या हाडांत आहे, ती जन्मायच्या आधीच्या तीन वर्षांचं जास्तच. मी बिनतेलाची दसऱ्यापर्यंत टिकले, तर ती पण टिकेल."

"आणि नाही टिकलीस तर?"

"तर माझं जाईल ते जाईल. देवाला म्हटलंय, मला काही नको, तिला सोडव."

बुवा कंपनीच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टर मोमीन अकरा वर्षं वसाहतीत होत्या, प्रत्येकाच्या हाडात किती शिसं आहे हे त्यांना तोंडपाठ होतं.

"डॉक्टरबाई, तिला तुम्ही तरी सांगा."

"सांगितलं ना. परवाच बोलावलं होतं. मला म्हणते, तुम्ही रोजे धरता तेव्हा मी कधी येऊन तुमच्या तोंडात घास कोंबला का? आता बोला." मोमीनबाईंनी चष्मा काढला. "बळजबरी करता येत नाही बुवा. श्रावणाच्या मध्यावर दिसायला लागेल. मग आणा. पण आणून मी काय करणार? तेलच देणार."

श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारी वैजयंतानं भाजीत दोनदा मीठ घातलं. सगळे हसले, तीही हसली. पुढच्या सोमवारी तिनं ओवीला "शकू" म्हणून हाक मारली. शकू ही तिची बहीण, लहानपणीच गेलेली. ओवीनं ओ दिली आणि न्हाणीघरात जाऊन रडली. मग एक दिवस वाती वळताना वैजयंताच्या बोटांतून कापूस निसटू लागला. लग्नापासून रोज एकशे आठ वाती वळणारी बाई. ती त्या कापसाकडे असं बघत बसली, जणू तो कुणी दुसऱ्याचा आहे. बुवा जवळ गेले, तर तिनं ताम्हण भिंतीवर फेकलं.

"माझ्याकडे बघू नका असे! मोजताय काय माझ्या चुका?"

थोड्या वेळानं शांत झाल्यावर तिनंच ताम्हण उचललं. पोचा आलेल्या जागेवर बोट फिरवत म्हणाली, "मी केलं का हे?"

"पडलं हातातून," बुवा म्हणाले.

त्या संध्याकाळी ओवीनं मिरजेचं पत्र घडी घालून देव्हाऱ्यामागं खोचलं. "आई, बास झालं. मी नाही जात. उद्या टोपण घे."

"कार्तिकी झाली का?"

"नाही."

"मग?"

बुवा दोघींच्या मध्ये बसले होते. व्रत मोडायला लावणं हे त्यांच्या हातून झालं नसतं. आयुष्यभर त्यांनी दिल्या शब्दाला जागणाऱ्या भक्तांची आख्यानं लावली होती आणि त्यावर ऊर भरून रडले होते. आणि बायकोला अशी डोळ्यांदेखत विझू देणं, तेही होणार नव्हतं. इकडेही भिंत, तिकडेही भिंत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लोणी आणलं आणि जाहीर केलं, "आजपासून तूप मी कढवणार."

शेजारच्या कौसाकाकू ओट्यावरूनच ओरडल्या, "अगं बाई! बुवा चुलीपाशी? वैजे, बघ गं, नवरा हातचा जायला लागला!"

तूप कढवताना त्यांनी विड्याचं पान टाकलं, वास झाकायला. तूप गार झाल्यावर, दारं लोटून, स्वतःच्या वाट्याच्या दोन टोपणांतलं एक त्यात ओतलं आणि चमच्यानं ढवळलं.  वैजयंतानं त्या दिवशी वरणभातावर ते तूप वाढून घेतलं, वास घेतला आणि म्हणाली, "जरा उग्र झालंय. पण जमेल तुम्हाला."

रोजचं एक टोपण तुपात जाऊ लागलं. भाद्रपद लागल्यावर तिच्या बोटांत कापूस पुन्हा ठरू लागला. गौरी बसल्या तेव्हा तिनं गौरीसमोर एकवीस पाकळ्यांचं कमळ न अडखळता काढलं. ओवीला ओवी म्हणाली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तिनं हात पुढं करून दाखवले. "बघा. धरला की नाही त्यानं? दोन महिने झाले, थेंब नाही पोटात."

आणि बुवा रिकामे होऊ लागले. भट्टीवरच्या माणसाला एक टोपण पुरत नाही. अनंतचतुर्दशीच्या कीर्तनात, आख्यानाच्या ऐन भरात, पुढचं चरण आलंच नाही. त्या जागी कोरं काहीतरी होतं. ओवीनं पेटीवर तीच चाल पुन्हा घेतली, एकदा, दोनदा. बुवांनी गजर सुरू केला आणि मंडळींनी तो उचलला. कीर्तन संपल्यावर कौसाकाकू म्हणाल्या, "बुवा, आज देव तुमच्या तोंडचं पळवून घेऊन गेला वाटतं."

"चालायचंच," बुवा म्हणाले. काकूंचं नाव त्यांना पटकन आठवलं नव्हतं.

तरी मनात समाधान होतं. पाप म्हणावं तर पाप, पण आपल्या अंगावरचं. बायको शाबूत आहे, व्रत तिच्या लेखी शाबूत आहे. कार्तिकी उलटू दे, मग बघू. ओवीच्या पत्राचं काय करायचं, हे मात्र त्यांनी मनात पुढं पुढं ढकललं.

पितृपक्षात ओवीनं पत्र देव्हाऱ्यामागून काढलं. ट्रंकेत कपडे भरले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं मिरजेच्या गाडीचं तिकीट काढलं. "बाबा, आईला बघून मला धीर आला," ती म्हणाली. "मी पण गेल्यावर बिनतेलाची राहीन. आपल्या हाडांत काही नसेलच कदाचित. भीतीच घालून ठेवलीय सगळ्यांनी."

बुवांच्या हातातला पेला तसाच राहिला.

त्याच आठवड्यात डॉक्टर मोमीन स्वतः घरी आल्या. वैजयंता देवळात गेली होती. डॉक्टर उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"बुवा, चौतीस बायकांनी तेल सोडलंय. कौसाकाकू, त्यांच्या दोन्ही सुना, सातव्या चाळीतल्या झाडून सगळ्या. म्हणतात, वैजयंताला काही झालं नाही, आम्हाला काय होणार. कुणाला मुलीला बाहेर पाठवायचंय, कुणाला म्हातारपणी गावी जायचंय. दोन जणी पोटुशी आहेत. पोटुशी बाईचं हाड पाझरतं बुवा, बाळाला कॅल्शियम द्यायला. शिसं त्याच्याबरोबर जातं."

"अरे देवा."

"वैजयंताचं रक्त मी मागच्या आठवड्यात तपासलं. त्यात तेल आहे. भरपूर आहे." त्यांनी बुवांकडे थेट पाहिलं. "कसं आलं ते मी विचारत नाही. माझ्या आईनं असंच केलं असतं कदाचित. पण दिवाळीपर्यंत या सगळ्या घरांत भांडी आपटायला लागतील. मी सांगून बघितलं. माझं ऐकत नाहीत. कंपनीची बाई म्हणतात मला."

"माझं ऐकतील," बुवा म्हणाले. ते वाक्य त्यांना शिशाच्या लगडीसारखं जड गेलं.

नवरात्राच्या पाचव्या माळेला दुपारी चार वाजता देऊळ भरलं होतं. बुवांनी पूर्वरंग आटोपता घेतला. मध्यंतरात बुक्का लागला, हार पडला. उत्तररंगाला कोणतं आख्यान, म्हणून सगळे सरसावून बसले. बुवांनी झांजकऱ्याला हातानं थांबवलं.

"आज पोथीतलं नाही. एका गावात एक कीर्तनकार होता. जीभ त्याची गोड आणि सैल. त्यानं एकदा लोकांना सांगितलं, जे सोडवत नाही ते सोडा. लोक टाळ्या वाजवून घरी गेले. त्याच्या बायकोनं मात्र ते खरं मानलं."

काही माना वैजयंताकडे वळल्या. ती हात जोडून ऐकत होती.

"तिनं सोडलं. सहाव्या आठवड्यात तिची बोटं सुटली. पोटच्या लेकीचं नाव सुटलं. कीर्तनकारानं देवावर भरवसा ठेवायला हवा होता मंडळी. रोज लोकांना तेच सांगून तो दक्षिणा घेत होता. पण त्याचा धीर सुटला. त्यानं काय केलं, तुपात…"

 ओवीचा पेटीच्या भात्यावरचा हात थांबला. 

"तुपात रोज एक टोपण घातलं. तिला न सांगता. ती बरी झाली ती त्यानं. तिच्याकडे बघून ज्यांनी ज्यांनी तेल सोडलंय, त्यांनी आजच्या आज घ्यावं. मी पाया पडतो तुमच्या. पुढचं मला आठवत नाही, आणि आठवायला माझ्याकडे तेलही अर्धंच आहे."

 मग कौसाकाकू उठल्या, दोन्ही सुनांना दंडाला धरून उठवलं आणि म्हणाल्या, "चला गं घरी." त्यांच्यामागून एकेक जण उठू लागली. आरती झालीच नाही.

बुवा घरी आले तेव्हा वैजयंता मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तुपाचं भांडं समोर होतं.

"किती दिवस?"

"अडतीस."

"म्हणजे मी कमळ काढलं ते तेलानं. ओवीचं नाव आठवलं ते तेलानं."

"हो."

"आणि मी बायकांना हात दाखवत फिरले." तिनं डोळे मिटले. "ताम्हण मी फेकलं होतं ना?"

"हो."

"मग पडलं का म्हणालात? दर वेळी मला झाकायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

ओवी दारात उभी होती. "आई, मी तिकीट परत करते. विषय संपला."

"तू गप्प बस," वैजयंता म्हणाली. मग बुवांना, "आणि तुम्ही एका टोपणावर भट्टीवर उभे राहिलात. म्हणून चरण आठवेना."

"ते जाऊ दे."

"कसं जाऊ दे? मला वाटलं वय झालं तुमचं. मी देवापुढं हसले होते त्यावर." तिनं पदर तोंडाला लावला. ती रडत होती की ओरडायचं टाळत होती, ते बुवांना कळलं नाही. जवळ जायचं धाडस झालं नाही. दोघांमध्ये ते भांडं होतं. शेवटी तिनंच ते उचललं आणि बाहेर मोरीत नेऊन उलटं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःचं टोपण घेतलं, घोटाघोटानं, औषध घ्यावं तसं. पुढचे चार दिवस ती बुवांशी कामापुरतंच बोलली. एकदा दवाखान्यात जाऊन आली. कशाला, ते सांगितलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी बुवा करारावर सही करायला निघाले. दिवाळीला त्यांचा जुना करार संपत होता. पुन्हा सात वर्षं. आता विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पायताण घालताना त्यांनी पाहिलं, वैजयंता धुवट लुगडं नेसून दारात उभी आहे.

"मी पण येते."

"सहीला दोघं लागत नाहीत."

"माझी सही आहे."

रस्त्यात तिनं सांगितलं. कामगाराला दोन टोपणं मिळतात. धुलाई खात्यात बायका घेतात, बॅटऱ्यांची फोडलेली खोकी धुवायला. तिथं धूळ भट्टीपेक्षा कमी. रोजचं एक टोपण तिनं घ्यायचं, एक साठवून दर आठवड्याला मिरजेला पाठवायचं. डॉक्टरांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, पुरेल असं मी लिहून देणार नाही, पण मी तुम्हाला अडवणारही नाही.

"वैजू, तू तर यातून सुटायला निघाली होतीस. सात वर्षं आहेत ती."

"मोजता येतात मला अजून."

"मी माझं एक देतो तिला. मला सवय झालीय."

"नको. तुमची आख्यानं राहू देत. निदान ऐकायला तरी काही असू दे मला." ती चालतच राहिली. "देवाला मी काय म्हटलं होतं? मला नको, तिला सोडव. त्यानं एवढंच ऐकलं. कशानं सोडवायचं ते मी सांगायला नको होतं."

कचेरीत काचेवर अंगठा ठेवायचा होता. आधी बुवांचा झाला. मग वैजयंतानं ठेवला. यंत्रानं घेतला नाही. राखेनं भांडी घासून घासून रेषा पुसट झाल्या होत्या.

"पुन्हा ठेवा काकू," कारकून म्हणाला.

तिनं अंगठा पदराला पुसला, पुन्हा ठेवला आणि सगळा जोर देऊन दाबला. काच हिरवी झाली.

"झालं काकू. काढा आता."

तिनं काढला नाही, जणू काचेनंच तो धरून ठेवला होता. ती त्या हिरव्या उजेडाकडे बघत उभी होती. मागच्या रांगेतली माणसं चुळबुळू लागली. बुवांनी पुढं होऊन तिचं मनगट धरलं आणि हात हळूच वर उचलला.